आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए: कुठे शिकायचं, दोन वर्षं कशी वापरायची आणि पुढची कामं कोणती

आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे यूपीएससी करणार का?' आणि लगेच दुसरा, 'नाही झाली तर?' विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. या पदवीचं नाव लिहिलेली नोकरीची जाहिरात आपल्याकडे क्वचितच दिसते. तरीही या विषयाचे विद्यार्थी वकिलातींत, बँकांत, संशोधन संस्थांत, वृत्तपत्रांत आणि संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांत काम करताना भेटतात. त्यांच्याकडे पदवीशिवाय बहुधा आणखी तीन गोष्टी असतात: जगाच्या एका भागाची खोल ओळख, त्या भागाची भाषा आणि व्यापार, ऊर्जा किंवा सागरी कायदा यांसारखा एखादा तांत्रिक विषय. माझ्या मते सगळी मदार या तीन गोष्टींच्या जुळणीवर आहे.

एक उदाहरण घ्या. लातूर-यवतमाळकडच्या तूर उत्पादकाला भाव उतरला की कळतं, बाहेरून तूर आली. ती म्यानमारमधून येते, तशी मोझांबिक, मलावी, टांझानिया या आफ्रिकी देशांतूनही येते. भारताने मोझांबिकशी २०१६ मध्ये कडधान्य आयातीचा सामंजस्य करार केला. मोझांबिकची राजभाषा पोर्तुगीज, आणि पोर्तुगीज शिकण्याची चांगली सोय आपल्या शेजारी गोवा विद्यापीठात आहे. ज्याला पोर्तुगीज वाचता येते, आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याचं राजकारण समजतं आणि कडधान्यांच्या आयात शुल्काची अधिसूचना वाचून तिचा अर्थ लावता येतो, अशी माणसं देशात फार थोडी असतील. अशा माणसाला काम शोधणं सोपं जातं.

आधी यूपीएससीचा हिशेब वेगळा करा

भारतीय परराष्ट्र सेवेत जाण्यासाठी या विषयातलं एमए लागत नाही. कोणत्याही शाखेची पदवी चालते. नागरी सेवा परीक्षा एकच, आणि तिच्या निकालातला क्रम व तुम्ही दिलेला पसंतीक्रम यांवर सेवा ठरते. खुल्या गटासाठी वय २१ ते ३२ आणि प्रयत्न ६. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ गुणांची. 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय घेतला तर त्याचे दोन पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. शिवाय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरातही परराष्ट्र धोरणाचा भाग असतो. म्हणजे एमएचा अभ्यास उपयोगी पडतोच, पण परीक्षेचा मोठा भाग त्याच्या बाहेरचा राहतो.

परराष्ट्र सेवेच्या जागाही वर्षाला काही डझनांपलीकडे जात नाहीत. त्यामुळे केवळ यूपीएससीसाठी म्हणून खासगी विद्यापीठात लाखो रुपये भरून हे एमए करू नका, असं मी स्पष्टपणे सांगेन. विषयाची ओढ असेल तर जरूर करा, आणि यूपीएससी त्याच्या जोडीने चालू द्या. फक्त एक अडचण आधीच लक्षात ठेवा. दुसऱ्या वर्षाचा लघुशोधप्रबंध, शेवटच्या सत्राची परीक्षा आणि यूपीएससीची पूर्वपरीक्षा बहुतेक वेळा एकाच उन्हाळ्यात गळ्यात पडतात. पूर्वपरीक्षेचा पहिला गंभीर प्रयत्न एमए संपल्यानंतरच्या वर्षी ठेवला, तर दोन्हींना न्याय मिळतो.

वर्गात काय शिकवतात

या विषयाचं पहिलं अध्यासन पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ इथे सुरू झालं. एवढा मोठा नरसंहार पुन्हा होऊ नये म्हणून युद्धाची कारणं शिस्तीने अभ्यासायची, हा त्यामागचा हेतू होता. तो प्रश्न अजूनही अभ्यासक्रमाच्या मुळाशी आहे.

पहिल्या वर्षी सिद्धांत येतात: वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद, मार्क्सवादी आणि स्त्रीवादी मांडणी. सुरुवातीला हे कोरडं वाटतं. पण देश एकमेकांशी का भांडतात आणि का जुळवून घेतात, याची वेगवेगळी उत्तरं इथे मिळतात आणि बातमी वाचताना कोणता प्रश्न विचारायचा ते कळू लागतं. त्यापुढे भारताचं परराष्ट्र धोरण, आंतरराष्ट्रीय कायदा, आंतरराष्ट्रीय संघटना, जागतिक अर्थकारण, सुरक्षा अभ्यास आणि दक्षिण आशिया, पश्चिम आशिया, चीन, आफ्रिका असे क्षेत्रीय विषय. सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा पेपर म्हणजे संशोधन पद्धती. गुण सहज मिळतात म्हणून मुलं तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. पुढच्या प्रत्येक नोकरीत मात्र त्याचाच उपयोग होतो. प्रश्न कसा मांडायचा, आकडा कुठून आणायचा आणि दोन परस्परविरोधी दाव्यांपैकी कशावर किती विश्वास ठेवायचा, हे दुसरा कोणता पेपर शिकवत नाही.

कुठे शिकायचं

दिल्लीतल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय अध्ययन शाळा हे देशातलं सर्वांत जुनं आणि मोठं केंद्र. १९५५ मध्ये ती 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' म्हणून सप्रू हाऊसमध्ये सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत विलीन झाली. पूर्व आशिया, पश्चिम आशिया, आफ्रिका, रशिया व मध्य आशिया, युरोप, दक्षिण आशिया अशा प्रदेशांसाठी तिथे वेगवेगळी केंद्रं आहेत. शुल्क अत्यल्प, ग्रंथालय समृद्ध, आणि त्याच विद्यापीठात परदेशी भाषांची मोठी शाळा. मध्यमवर्गीय किंवा शेतकरी कुटुंबातल्या विद्यार्थ्यासाठी मी आजही हेच नाव पहिलं घेईन.

दिल्लीतच सार्क देशांनी मिळून उभारलेलं साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांचं एमए आहे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान इथले विद्यार्थी वर्गात शेजारी बसतात. भारताच्या शेजारधोरणावर काठमांडूच्या किंवा ढाक्याच्या मुलाशी रात्रभर वाद घातल्यावर जे कळतं, ते पुस्तकातून कळत नाही.

बाकीच्यांपैकी कोलकात्याच्या जाधवपूर विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. पुद्दुचेरी, गुजरात आणि केरळ इथल्या केंद्रीय विद्यापीठांतही राजकारण व आंतरराष्ट्रीय संबंध असं एमए करता येतं. खासगीत मणिपालचा भूराजकारण विभाग आणि सोनीपतच्या जिंदाल विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा ही ठळक नावं. खासगी ठिकाणी परदेशी विद्यापीठांशी देवाणघेवाण आणि नोकरीसाठी मदत अधिक मिळते, पण खर्च लाखांत जातो. कर्ज काढून जाणार असाल तर एक गोष्ट करा. मागच्या दोन तुकड्यांतल्या चार-पाच जणांना व्यावसायिक समाजमाध्यमावर शोधा आणि पहिली नोकरी कुठे, किती महिन्यांनी मिळाली ते थेट विचारा. माहितीपत्रकापेक्षा त्यांचं उत्तर खरं असतं.

महाराष्ट्रात राहूनही हे शिक्षण उत्तम होतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्र विभाग आहे आणि यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा व संरक्षण विश्लेषणाचं राष्ट्रीय केंद्रही. सुरक्षा, सीमा, अणुधोरण, सागरी शक्ती यांत रस असलेल्याने आधी इथे चौकशी करावी. राज्यशास्त्राच्या अंगाने जायचं तर तिथलाच राज्यशास्त्र विभाग. पुण्यातच सिम्बायोसिसची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा आहे, तिचं शुल्क अर्थातच खासगी विद्यापीठाचं. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात नागरिकशास्त्र व राजकारण विभाग आहे, आणि मध्य युरेशिया व आफ्रिका यांच्या अभ्यासाची केंद्रंही. मुंबईचा मोठा फायदा वर्गाबाहेर आहे: दिल्लीखालोखाल परदेशी वकिलातींची मोठी वस्ती, बंदर, बँका, आणि व्यापारी संघटना. गोवा विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अभ्यासाची शाळा आणि पोर्तुगीज भाषेचा विभाग एकाच आवारात आहेत. कोकणातल्या विद्यार्थ्याला ते दिल्लीपेक्षा कितीतरी जवळ.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी केलेल्यांसाठी काही विद्यापीठांत एका वर्षाचं एमए सुरू झालं आहे. वेळ वाचतो हे खरं. पण भाषा शिकायला आणि इंटर्नशिप करायला एक वर्ष पुरत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षीच भाषा सुरू केली असेल तरच एक वर्षाचा मार्ग घ्या.

प्रवेशाची तयारी

जेएनयू आणि इतर बहुतेक केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा द्यावी लागते. अलीकडच्या वर्षांत अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये संगणकावर होते. ७५ बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची नेहमीची चूक म्हणजे पदवीचा निकाल लागल्यावर, जून-जुलैत, चौकशी सुरू करणं. तोवर ही गाडी निघून गेलेली असते. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासक्रम हातात असला पाहिजे. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर लागतो, हे विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहूनच अर्जात पेपर निवडा. साउथ एशियन युनिव्हर्सिटी आणि खासगी विद्यापीठं यांची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते.

विज्ञान, वाणिज्य किंवा अभियांत्रिकीतून येणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. अकरावी-बारावीची राज्यशास्त्राची एनसीईआरटीची पुस्तकं, विशेषतः समकालीन जागतिक राजकारणावरचं, दोनदा वाचा. मग १९४५ नंतरच्या जगाचा इतिहास एका वहीत स्वतःच्या शब्दांत, दशकवार लिहून काढा: शीतयुद्ध, वसाहतींचं स्वातंत्र्य, अलिप्ततावाद, १९९१ मधलं सोव्हिएत संघाचं विघटन, त्यानंतरचं जग. नकाशा समोर ठेवा. होर्मुझची सामुद्रधुनी कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर तेलाच्या राजकारणावरची दहा पानं फुकट आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण असते इंग्रजी लेखनाची. त्यासाठी बोलण्याच्या क्लासला पैसे घालू नका. रोज एक लेख वाचा, तो बंद करा आणि लेखकाचं म्हणणं, त्याचे पुरावे व तुमची एक शंका असं दीडशे-दोनशे शब्दांत इंग्रजीत लिहा. सहा महिन्यांत हात बसतो. विचार मात्र मराठीत करायला काहीच हरकत नाही. यूपीएससीची मुख्य परीक्षासुद्धा मराठीत लिहिता येते.

दोन वर्षांत काय कमवायचं

पहिल्या सत्रातच प्रदेश निवडा. निवडताना 'सध्या चर्चेत काय आहे' यापेक्षा 'मी दहा वर्षं कंटाळा न येता कशाबद्दल वाचेन' हे पाहा. चीनवर लिहिणारे अनेक आहेत. चिनी वाचून लिहिणारे मोजके. मध्य आशिया, आफ्रिकेचा पूर्व किनारा, आग्नेय आशिया, लॅटिन अमेरिका इथे तर जागाच जागा आहे.

मग भाषा. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश तिथे माफक शुल्कात शिकता येतात. पुणे-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेज आहेतच. भाषेचं पहिलं प्रमाणपत्र घेऊन थांबणाऱ्यांची संख्या प्रचंड आहे, आणि त्या पहिल्या प्रमाणपत्राला नोकरीत काही किंमत नाही. भाषांच्या प्रावीण्य परीक्षांतली युरोपीय भाषेत बी-२ आणि जपानीत एन-२ ही पातळी म्हणजे खरी पायरी. त्या देशाचं वृत्तपत्र शब्दकोशाशिवाय वाचता आलं पाहिजे. परराष्ट्र सेवासुद्धा आपल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा सक्तीने शिकवते. २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव असलेले विजय गोखले अस्खलित मँडरिन बोलतात आणि त्याआधी ते चीनमध्ये राजदूत होते. भाषेने एखाद्या कारकिर्दीला किती खोली येते, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

तिसरी गोष्ट तांत्रिक विषय, आणि तो जवळपास सगळे टाळतात. जागतिक व्यापार संघटनेचे नियम, सागरी कायदा, आर्थिक निर्बंध, अणुऊर्जा, सायबर सुरक्षा, हवामान करार, आकडेवारीचं विश्लेषण यांपैकी एक उचला आणि मूळ मजकुरापर्यंत जा.

मूळ कागदपत्रं वाचायची सवय हा या सगळ्याचा पाया आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संयुक्त निवेदनं, भाषणं आणि संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं मोफत पडलेली असतात. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचे अहवाल तर सोनं आहेत. त्यांत मंत्रालयाचे अधिकारी समितीला काय सांगतात ते सापडतं. एक सराव करून पाहा. भारत आणि कोणत्याही एका देशाची लागोपाठची तीन संयुक्त निवेदनं घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. कोणता परिच्छेद वर सरकला, कोणता देश नावानिशी आला, कोणता शब्द गळला ते खुणा करत जा. तसंच संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानाचं. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरच्या ठरावाच्या बाजूने आमसभेत १४१ देश होते, विरोधात ५, आणि तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. बातमी तिथे संपते. अभ्यासकाचं काम त्यानंतर भारताच्या प्रतिनिधीने मतामागचं कारण सांगताना नेमकं काय म्हटलं, ते वाचण्यापासून सुरू होतं.

आता लघुशोधप्रबंध. इथे मला मनापासून एक आग्रह करायचा आहे. 'भारत-अमेरिका संबंध: एक अभ्यास' असला विषय घेऊ नका. त्यावर हजारो पानं आधीच लिहिली गेली आहेत आणि दिल्ली-वॉशिंग्टनच्या ज्या माणसांशी बोलायला हवं ती तुम्हाला भेटणार नाहीत. तुमच्या जिल्ह्यातून निघून जगाला जोडणारा प्रश्न घ्या. तिथे माणसं तुमच्या ओळखीची, भाषा तुमची, आणि सामग्री अशी की दिल्लीच्या संशोधकाला ती मिळवायला वर्ष लागेल.

हापूसच घ्या. फळमाशी सापडल्यामुळे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि त्यासोबत वांगं, कारलं, पडवळ, अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. या मधल्या महिन्यांत देवगड-रत्नागिरीचा बागायतदार, वाशीचा निर्यातदार, कृषी खातं, ब्रसेल्समधला भारतीय दूतावास आणि लंडनमधले व्यापारी काय करत होते? वनस्पती आरोग्याच्या नियमांचं राजकारण यापेक्षा चांगलं कुठे दिसणार? त्याच आंब्याची अमेरिकेची वाट वेगळी. ती २००७ मध्ये उघडली, आणि फळं लासलगावच्या 'कृषक' विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊन गेली. हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलं होतं आणि अमेरिकेशी अणुकराराच्या वाटाघाटी त्याच काळात चालू होत्या. अणुऊर्जा आणि आंबा एका वाक्यात आणणारा हा विषय नाशिकच्या विद्यार्थ्याच्या दारात उभा आहे.

लासलगावचाच कांदा घ्या. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातबंदी होती. तरी त्या काळात बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, बहारीन आणि संयुक्त अरब अमिराती या देशांना ठरावीक कांदा सरकारी परवानगीने गेला. हेच देश का? देशांतर्गत भाव आणि शेजारधोरण यांची रस्सीखेच इथे स्पष्ट दिसते. रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला जैतापूर आहे: डिसेंबर २०१० मधला फ्रान्सशी झालेला करार, १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, आणि त्याच वर्षीच्या अणुदायित्व कायद्यापासून (अणुअपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची ते ठरवणारा कायदा) सुरू झालेली वर्षानुवर्षांची वाटाघाट. रायगडच्या विद्यार्थ्याला बेने इस्राएल समाज आहे. कोकणातून इस्राएलला गेलेल्या आणि घरात मराठी जपलेल्या या लोकांचा, १९९२ मध्ये प्रस्थापित झालेल्या पूर्ण राजनैतिक संबंधांत काय वाटा होता? त्यांच्या नातेवाइकांशी तुम्ही मराठीत बोलू शकता, हे किती मोठं साधन आहे याचा विचार करा.

विषय नक्की करण्याआधी 'शोधगंगा'वर शोधून पाहा. देशभरातले पीएचडी प्रबंध तिथे मोफत वाचता येतात.

इंटर्नशिप

परराष्ट्र मंत्रालयाची स्वतःची इंटर्नशिप योजना आहे आणि तिला मानधनही मिळतं. महाराष्ट्रात फारसं माहीत नसलेली गोष्ट म्हणजे, या योजनेत आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांतल्या उमेदवारांना प्राधान्य देण्याचं धोरण आहे. आपल्याकडचे असे जिल्हे चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. या जिल्ह्यांतल्या प्राध्यापकांनी हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावं.

संशोधन संस्थांतही इंटर्नशिप करता येते: दिल्लीत मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था आणि सप्रू हाऊसमधली भारतीय जागतिक व्यवहार परिषद, मुंबईत गेटवे हाऊस आणि ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनचं केंद्र, पुण्यात पुणे इंटरनॅशनल सेंटर, बेंगळुरूत तक्षशिला. अर्ज करताना 'मला आपल्या संस्थेत शिकायला आवडेल' असं लिहू नका. संस्थेतल्या एका अभ्यासकाचे अलीकडचे दोन लेख वाचा, त्यावर दोन पानांचं टिपण करा आणि ते सोबत जोडा.

परदेशात जायचं असेल तर

युरोपात जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट, पॅरिसचं सियाँस पो, लंडनमधली एलएसई, सोआस आणि किंग्ज कॉलेजचा युद्ध अभ्यास विभाग. अमेरिकेत फ्लेचर आणि जॉन्स हॉपकिन्सची शाळा. सिंगापूरमध्ये राजरत्नम शाळा. ब्रिटनचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, अमेरिकेचा बहुधा दोन वर्षांचा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शुल्क नाममात्र असतं, राहण्याचा खर्च मात्र भरावा लागतो. पूर्ण शुल्क भरून जाण्याचा सल्ला मी देणार नाही. परतफेडीचा हप्ता या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या पगाराला पेलवत नाही.

शिष्यवृत्ती मिळवूनच जा. ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडसला तशी अट नाही आणि दोन-तीन देशांत शिकायला मिळतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. मुंबईचं जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देत आलं आहे. अर्जात उद्देशपत्र निर्णायक ठरतं, आणि तिथे वर सांगितलेला जिल्ह्याचा प्रश्न पुन्हा कामी येतो. 'लहानपणापासून मला जगाबद्दल कुतूहल होतं' असं हजारो जण लिहितात. लासलगावच्या विकिरण केंद्राबद्दल एकजण लिहितो.

पुढची कामं

सरकारात परराष्ट्र सेवेशिवाय आणखी दरवाजे आहेत. एसएससी सीजीएलमधून, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून, परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येतं, आणि या पदावरच्यांच्या नेमणुका परदेशातल्या दूतावासांतही होतात. नागरी सेवा परीक्षेतूनच भारतीय व्यापार सेवा मिळते, तिचं काम आयात-निर्यात धोरणाचं. परराष्ट्र सेवेकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटसारख्या गावातून वाट जाते, हे ज्ञानेश्वर मुळे यांनी दाखवून दिलं आहे.

परदेशी वकिलाती स्थानिक कर्मचारी नेमतात, आणि मुंबईत त्यांची संख्या मोठी आहे. राज्याचं राजकारण, उद्योग, पाणी, ऊर्जा यांवर टिपणं तयार करणं, बैठका जुळवणं, शिष्टमंडळांची आखणी करणं हे त्यांचं काम. इथे उत्तम मराठी हे मोठं बळ ठरतं. मंत्रालयात, साखर कारखान्यात किंवा जिल्हा परिषदेत काय चाललंय हे मराठी वृत्तपत्रं वाचूनच कळतं.

खासगी क्षेत्राकडे मुलं उगाच पाठ फिरवतात. पुण्या-मुंबईतल्या परदेशी बँकांच्या केंद्रांना निर्बंधांची यादी, संशयित व्यवहार आणि ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणारी माणसं लागतात. रशियावरच्या २०२२ च्या निर्बंधांनंतर हे काम अधिक गुंतागुंतीचं झालं. राजकीय जोखमीचं विश्लेषण करणाऱ्या सल्लागार कंपन्या, जहाज वाहतूक, औषध निर्यात, मराठा चेंबरसारख्या व्यापारी संघटना यांनाही हे ज्ञान हवं असतं. सुरुवातीचं काम रटाळ असतं, पण पगार वेळेवर होतो आणि तीन वर्षांत एक विषय हातात येतो. संशोधन संस्थांत उलट: काम रसाचं, पण सुरुवातीचं मानधन बेताचं आणि करार वर्षा-दोन वर्षांचा.

संयुक्त राष्ट्रांचं आकर्षण सगळ्यांना असतं. त्यांचा तरुण व्यावसायिकांचा कार्यक्रम ३२ वर्षांपर्यंतच्यांसाठी आहे, पण ज्या देशांचं प्रतिनिधित्व कमी आहे तेच देश त्या त्या वर्षीच्या यादीत असतात. म्हणून आधी भारताचं नाव आहे का ते पाहा. न्यूयॉर्कच्या सचिवालयातली इंटर्नशिप विनावेतन असते, त्यामुळे खर्चाचा विचार करूनच अर्ज करा. बहुतेकांसाठी खरी वाट संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक, भारतातली युनिसेफ किंवा यूएनडीपीची कार्यालयं आणि विकास क्षेत्रातल्या संस्था यांतून जाते. फ्रेंच, स्पॅनिश, अरबी यांपैकी एक येत असेल तर वजन वाढतं.

अध्यापनात जायचं असेल तर यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. तिच्यात राज्यशास्त्राशिवाय आंतरराष्ट्रीय संबंध व क्षेत्रीय अभ्यासांचा स्वतंत्र विषय, क्रमांक ९०, आणि संरक्षण व सामरिक अध्ययन, क्रमांक ११, हेही पर्याय आहेत. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मात्र राज्यशास्त्राच्या जागा अधिक निघतात, म्हणून विषय निवडताना जाहिराती चाळून घ्या. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं; एवढ्यात पीएचडी निश्चिंतपणे होते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या पाठ्यवृत्त्याही पाहाव्यात.

आणि पत्रकारिता. मराठी वृत्तपत्रांत परराष्ट्र धोरणावर नियमित आणि जाणतेपणाने लिहिणारे थोडे आहेत, वाचक मात्र भरपूर. कांदा, तूर, आखातातली नोकरी, अमेरिकेचा व्हिसा या सगळ्यांतून जग घरात येतं आणि त्याचा अर्थ मराठीत समजावून सांगणारं कुणी हवं असतं. एमएच्या दुसऱ्या सत्रापासून लिहायला लागा. सातशे-आठशे शब्द, एकच मुद्दा, पहिल्या परिच्छेदात महाराष्ट्राशी असलेला धागा, आणि निदान एक मूळ कागद स्वतः वाचल्याचा पुरावा. संपादकीय पानाच्या पत्त्यावर पाठवा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर दुसऱ्या वृत्तपत्राला पाठवा. छापून आलेले असे सहा-सात लेख पुढे संशोधन संस्थेच्या, वकिलातीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाला लेखनाचा नमुना म्हणून जोडता येतात. इंग्रजी अर्जासोबत पाठवताना प्रत्येक लेखाचा शंभर शब्दांचा इंग्रजी सारांश जोडा.